फणसाच्या आठ फळ्या

घरात जुनी रेहल असेल तर एकदा ती मिटून हातात घ्या आणि कडेने निरखून बघा. चांगली रेहल दोन फळ्या जोडून केलेली नसते. ती एकाच फळीची असते. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणायची, मधल्या भागात पटाशीने एकमेकांत गुंतलेली बोटं कोरायची आणि मग हलक्या हाताने ती उघडायची. खिळा नाही, बिजागरी नाही, गोंद नाही. दीड इंच जाडीच्या फळीतून वर पाऊण इंचाची दोन पानं आणि खाली दोन पाय निघतात. त्यातूनही करवतीच्या चिरेत जाईल तेवढं वजा करायचं. चिरताना करवत आत कुठे वळली, हे बाहेरून दिसत नाही. रेहल उघडेपर्यंत कळत नाही.

आमच्या वर्कशॉपात अशा रेहलींचं काम आलं ते २०२३ च्या जानेवारीत. आम्ही दोघे भाऊ दापोली तालुक्यात दारं-खिडक्या, पलंग, कपाटं करतो. मरहूम अब्बांचाच धंदा आहे. खाला स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या आणि मागे फणसाच्या आठ फळ्या. नात्याने त्या आमच्या खाला नव्हेत, पण अम्मीच्या गावच्या, म्हणून लहानपणापासून खालाच.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या परसातला फणस मुळासकट पडला होता. त्या दिवशी आमच्या भागात कोणाची नारळीपोफळीची बाग गेली, कोणाच्या घरावरचे पत्रे गेले. पडलेल्या आंब्या-फणसाचं बहुतेकांनी मिळेल त्या भावाने लाकूड विकलं. खालांनी विकलं नाही. झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. त्यांनी ते चिरून घेतलं, फळ्यांच्या मध्ये काठ्या घालून पडवीत रचलं आणि दोन पावसाळे सुकू दिलं. बऱ्याच फळ्या तडकल्या, काहींना कीड लागली. निवडून निवडून आठ उरल्या. पिवळ्याधमक, सरळ रेषांच्या, बावीस इंच लांब आणि नऊ इंच रुंद.

"सात नातवंडं आहेत," खाला म्हणाल्या. "तीन कुवेतला, दोन मुंब्र्याला, दोन माझ्याजवळ. सातांना सात. आठवी मशिदीत ठेवीन. रमजानच्या आधी द्या, बाबांनो. पोरं ईदला येतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात द्यायची आहे."

त्या साली रमजान मार्चच्या अखेरीस होता. दोन महिने हातात होते. आम्ही म्हटलं, "इन्शाअल्लाह, शाबानमध्येच घेऊन जा."

पूर्वी कारागीर हे चिरकाम हातकरवतीने करत. आमच्याकडे अब्बांच्या वेळचा बँडसॉ आहे. अठरा इंची दोन चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावर गोल फिरणारा दातेरी पट्टा. अब्बांनी तो जुना घेतला होता. त्यावर आम्ही वाढलो, म्हणून आम्हाला वाटायचं की आम्हाला तो कळतो.

पहिली फळी भाच्याने चिरली. बहिणीचा मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा, शाळा सोडून आमच्याकडे कामाला लागलेला, हाताने सफाईदार. बाहेरून चीर सरळ दिसत होती. बोटं कोरायला आम्हाला एक पूर्ण दिवस लागला. असरच्या आधी रेहल उघडायला घेतली आणि कट् असा आवाज झाला. तीन बोटं मुळातून तुटली. आत बघितलं तर चीर मधोमध फुगून एका बाजूला गेली होती. एक पान कडेला पाऊण इंच आणि पोटात जेमतेम पाव इंच. बोटांना धरायला लाकूडच उरलं नव्हतं.

आम्ही भाच्याला म्हटलं, "हात सरळ ठेवत नाहीस."

तो म्हणाला, "मामू, मी हलवत नाही. पट्टाच जातो."

आम्ही ऐकलं नाही. दुसरी फळी आम्ही उभं राहून चिरून घेतली, त्याच्या डोक्यावर, ओरडत. आठ-नऊ इंच आत गेल्यावर पट्टा फळीच्या तोंडातून बाहेरच आला, आंब्याच्या फोडीतून सुरी निसटावी तसा. मग आम्ही त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो काही न बोलता हात धुऊन घरी गेला आणि दोन दिवस आला नाही.

आमचं बघा, आधी पोराला दोष दिला. मग फणसाला, की वादळात पडलेलं झाड आहे, आत पीळ असेल. मग पट्ट्याला. नवा पट्टा आणून लावला, मोठ्या दात्यांचा, आणि सागाचा एक टाकाऊ तुकडा चिरून बघितला. तोही वाकडा. आता दोष द्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा खेडहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते पट्ट्यांना धार लावतात, तुटलेले पट्टे जोडून देतात. अब्बांशी त्यांची जुनी ओळख होती.

मिस्त्रींनी मशीन चालूच केलं नाही. आधी प्लग काढायला लावला. चष्मा पुसला, खाली बसले आणि वरचं चाक हाताने सावकाश फिरवत पट्ट्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "गाईडमध्ये लोखंड कोणी घातलं?"

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टा म्हणजे पत्र्याची लवचिक फीत. चाकांवर कितीही ताणली तरी लाकडाचा रेटा आला की ती डावी-उजवीकडे वाकायला बघते आणि मागेही सरकते. म्हणून टेबलाच्या वर एक आणि टेबलाखाली एक अशा दोन ठिकाणी तिला आधार असतो. दोन्ही बाजूंना दोन ठोकळे आणि पाठीमागे एक फिरती चकती. यालाच गाईड म्हणतात. पट्टा कापतो, पण कुठे कापायचं ते गाईड राखतात. पूर्ण यंत्रात सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त वस्तू. आम्ही चार वर्षांत त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

ठोकळे लोखंडाचे आम्हीच घातले होते. अब्बांच्या वेळी तिथे लाकडाचे होते. ते झिजले तेव्हा आम्ही लेथवाल्याकडून लोखंडाचे करून आणले, की आता कायमचं काम झालं. मिस्त्रींनी त्यांच्यावर बोट फिरवलं. पट्टा घासून घासून त्यांत तिरकी खाच पडली होती. एका बाजूचा ठोकळा इतका पुढे होता की दात्यांना लागत होता. करवतीचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे फाकवलेले असतात, हे सुताराच्या पोराला सांगायला नको. पण एका बाजूचे दाते लोखंडावर घासून बोथट झाले की पट्टा धार असलेल्या बाजूकडे ओढला जातो. तुम्ही फळी कितीही सरळ धरा. नवा पट्टा लावला त्याचेही दाते आम्ही दोन दिवसांत तसेच घालवले होते.

पाठची चकती तर फिरतच नव्हती. आतलं बेअरिंग भुश्याने आणि फणसाच्या चिकाने जाम झालं होतं. जाम चकतीवर पट्ट्याची पाठ घासून खोल घळ पडली होती. पट्टा त्या घळीत बसायचा आणि ती नेईल तिकडे जायचा. मिस्त्री म्हणाले की पट्टे मधूनच तुटत असतील ते यामुळेच, पाठीला बारीक चिरा जातात. खरंच तुटत होते. आम्ही दुकानदाराला शिव्या घालत होतो.

तिसरी गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नसती. वरचा गाईड एका खांबाला असतो आणि लाकडाच्या उंचीप्रमाणे तो वर-खाली करतात. पातळ लाकूड कापताना आमचा गाईड बऱ्यापैकी जागेवर असायचा. रेहलीसाठी नऊ इंच वर उचलला की तो खांब किंचित तिरका जायचा आणि ठोकळे पट्ट्याला एका बाजूने दाबायचे. म्हणजे आधाराची सगळ्यात जास्त गरज असताना आधारच पट्ट्याला ढकलत होता. भाचा खरं बोलत होता.

मिस्त्रींनी मग आमच्याकडे न बघताच विचारलं, "तुझ्या बापाचे खैराचे तुकडे कुठे गेले? बिस्किटाच्या डब्यात असायचे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डबा होता. अब्बा २०१९ मध्ये गेले, त्यानंतर वर्कशॉप आवरताना सापडला होता. आत बोटाएवढे, इंचभर लांबीचे लाकडाचे पन्नास-साठ तुकडे, तेलात मुरून काळे पडलेले. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काहीही जपून ठेवायची सवय असते. अम्मीने ते चुलीत घातले. तेलामुळे छान पेटले, एवढं तिला अजून आठवतं.

ते गाईडचे ठोकळे होते. खैर घट्ट लाकूड, तेल प्यायलेलं. पट्ट्याला लागला तरी तो स्वतः झिजतो, दात्यांना काही होऊ देत नाही. झिजला की नवा घालायचा. अब्बा जुम्म्याला नमाजला निघण्याआधी मशीनजवळ काहीतरी करत बसायचे, ते हेच. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे ते आम्हाला लहानपणी नेहमी सांगायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जणू आमच्याच आळीतल्या कोणाबद्दल बोलतोय असा अभिमान असायचा. हे तुकडे कशाचे ते मात्र कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्या संध्याकाळी आम्ही बहिणीकडे गेलो. भाचा ओट्यावर बसला होता. आम्ही त्याला सांगितलं की चूक गाईडची होती आणि गाईडची म्हणजे आमची. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं." एवढंच. बहीण मात्र बरंच बोलली, आणि आम्ही ऐकून घेतलं.

पुढचे आठ दिवस आम्ही दुसरं काम घेतलं नाही. वरच्या गाईडला ठोकळ्यांऐवजी दोन बेअरिंग बसवले, ६२०० नंबरचे, आणि पाठीमागे ६२०२. छताच्या पंख्यात असतो तोच. दुकानातून आधी पत्र्याच्या झाकणाचे आणले होते. मिस्त्रींनी परत पाठवले, म्हणाले, भुसा आत जातो, रबरी सीलचे आणा. बाजूचे बेअरिंग बसवायला लेथवाल्याने एक युक्ती केली. बोल्टचा मधला भाग दोन मिलीमीटर बाजूला सरकवून कातला. बोल्ट थोडा फिरवला की बेअरिंग पट्ट्याच्या जवळ येतो, उलटा फिरवला की लांब जातो. आधी हातोडीने ठोकून बसवायचो, आता एका अ‍ॅलन कीने केसभर सरकवता येतं.

खालच्या गाईडला बेअरिंग घातले नाहीत. सगळा भुसा तिथेच पडतो आणि फिरता बेअरिंग तो पट्ट्यावर लाटून बसवतो. तिथे हायलमचे ठोकळे घातले, वायंडिंगवाल्यांकडे मिळतं ते कापड-राळेचं तपकिरी शीट. ते कानशीने घासता येतं आणि दात्यांना इजा करत नाही. खालचा गाईड टेबलाखाली असल्यामुळे दिसत नाही आणि म्हणूनच कोणी साफ करत नाही. आमच्या खालच्या गाईडमधून मिस्त्रींनी ओंजळभर घट्ट झालेला भुसा काढला.

खांब तिरका जात होता त्याला मिस्त्रींनी रॉकेलच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून पाचर लावली. गाईड खाली आणून बघायचं, वर नेऊन बघायचं, पुन्हा पत्रा काढून घासायचा. अर्धा दिवस त्यातच गेला. खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आत. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, जेवून गेले.

लावण्याचा क्रम त्यांनी भाच्याकडून तीनदा करून घेतला, आमच्याकडून नव्हे. आधी सगळे गाईड पट्ट्यापासून लांब करायचे. मग पट्टा ताणायचा आणि वरचं चाक कलवून तो चाकावर मध्यावर चालतो का बघायचं. मग टेबल गुण्याला लावायचं. हे सगळं झाल्यावर गाईड जवळ आणायचे. गाईडने पट्टा ओढून सरळ करायचा नसतो, तो सरळ झाल्यावर फक्त राखायचा असतो. बाजूला वहीच्या एका कागदाएवढी फट. पाठीमागे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी, म्हणजे रिकाम्या मशीनमध्ये पाठचा बेअरिंग थांबलेला असला पाहिजे आणि लाकूड लागलं की फिरला पाहिजे. बाजूचे बेअरिंग दात्यांच्या घळीच्या मागेच राहिले पाहिजेत, पट्टा रेट्याने मागे गेला तरी. आणि वरचा गाईड नेहमी लाकडाच्या वर बोटभर, त्याहून उंच नाही. आम्ही तो एकदा वर केला की दिवसभर तसाच ठेवायचो आणि भाचा वीतभर उघड्या पट्ट्यासमोर बारीक पट्ट्या कापत बसायचा. आता आठवलं की अंगावर काटा येतो. त्याच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या घरी येतो, म्हणजे आता कळेलच.

टाकाऊ सागाचा नऊ इंची तुकडा चिरला. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये कापून मोजलं. फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आत. भाच्याने तो तुकडा आम्हाला दाखवला नाही, नुसता आमच्यासमोर टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेला.

आता खालांकडे जायचं होतं. आमच्यातल्या धाकट्याचं म्हणणं पडलं की फणस बाजारात मिळतो. तसाच पिवळा, तशीच रुंदी. दोन फळ्या आणून टाकू, त्यांना काय कळणार आहे? खोटं कशाला बोलायचं, थोरल्यालाही ते एक रात्रभर पटलं होतं. सकाळी फजरनंतर चहा पिताना अम्मीने आमची कुजबुज ऐकली. ती म्हणाली, "ते लाकूड तिने अमानत म्हणून दिलंय. भाव करून विकत नाही दिलं." आणि चहाचे कप उचलून आत गेली.

आम्ही तुटलेली रेहल आणि फाटलेली फळी पिशवीत घालून गेलो. खालांनी दोन्ही मांडीवर घेतल्या. तुटलेल्या बोटांवरून हात फिरवला, पातळ झालेल्या पानातून उजेड येतो का ते बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोराने केलं?"

आम्ही म्हटलं, "नाही खाला. आमच्याकडून झालं." आणि गाईडचं, डब्याचं, सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं किती समजलं माहीत नाही. डब्याचं समजलं. अम्मीने ते चुलीत घातले हे ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग डोळे पुसले.

आम्ही म्हटलं की आमच्याकडे जुना साग आहे, चांगला, कमी पडतील त्या रेहली त्याच्या करून देतो, पैसे नकोत. खाला म्हणाल्या, "साग चांगलाच असेल. पण तो यांच्या पणजोबांनी लावलेला नाही ना." मग बोटांवर मोजायला लागल्या. सहा फळ्या, सात नातवंडं. मशिदीची तर गेलीच होती.

फाटलेली फळी भाच्याने मागून घेतली. तो आमच्याबरोबर आला होता, दारातच उभा. म्हणाला, "खाला, ही इकडून नऊ इंच खराब आहे. पुढची तेरा इंच अख्खी आहे. लहान होईल." खालांचा सगळ्यात धाकटा नातू चार वर्षांचा, कुवेतला, अजून कायदाच शिकतोय. कायद्याला केवढी रेहल लागते?

बाकी सहा रेहली आम्ही चिरल्या, प्रत्येक फळी चिरताना मशीन बंद करून गाईड पुन्हा तपासत. एकही बिघडली नाही. उघडताना मात्र प्रत्येक वेळी श्वास रोखला जायचा. सातवी, तेरा इंचांची, पूर्ण भाच्याने केली, बोटंसुद्धा. त्याची बोटं जरा जाड झाली आहेत आणि रेहल उघडताना किंचित अडते. खाला म्हणाल्या, पोरगा आपटेलच, जाडच बरी. शाबानमध्ये देणं जमलं नाही, दुसऱ्या रोजाला दिल्या. मशिदीत सागाची ठेवली आहे. ती आमच्याकडून.

बारीक नक्षी कापायला पाव इंची पट्टा लावतो तेव्हा बेअरिंग काढून ठेवतो. एवढ्या अरुंद पट्ट्याला ते दात्यांवर चढतात. तिथे पुन्हा खैरच. भाच्याने बसून चाळीस तुकडे कापले आणि तेलात टाकले. ते आता बिस्किटाच्या डब्यात असतात. डब्यावर त्याने मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : कचरा नाही.